छत्तीसचा आकडा

गाडीला रेस ट्रॅकचे ब्रेक पॅड लावलेले असले की आमच्या सोसायटीच्या वॉचमनला मी आलोय हे गाडी दिसायच्या आधी कळतं. विक्रोळीत आमच्या गल्लीत वळलं की गेटच्या अलीकडे एक स्पीडब्रेकर आहे, तिथे मी ब्रेकवर पाय ठेवतो आणि गाडी असा आवाज काढते की लहानपणी पाटीवर पेन्सिल उभी धरून ओढायचो ना, तसा, फक्त पाटी वन बीएचकेएवढी. गल्लीतली तीन कुत्री लगेच उत्तर देतात, त्यातलं एक बहिरं आहे अशी आमची इतकी वर्षं समजूत होती. तोवर गेट उघडलेलं असतं. हॉर्न शेवटचा कधी वाजवला आठवत नाही.

दुसऱ्या मजल्यावरचे काका एकदा लिफ्टमध्ये हळूच म्हणाले, "गाडीचं काही दुखतंय का रे?" मी म्हटलं, नाही काका, ते ट्रॅकचे पॅड आहेत, थंड असले की ओरडतात. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं, "मग शाल पांघर तिला," म्हणाले आणि उतरले.

तर हे सगळं सुरू झालं गेल्या जानेवारीत. ऑफिसातल्या दोघांनी डोकं फिरवलं की तळेगावजवळ नानोलीला ट्रॅक झालाय, आता कोईम्बतूर नाही की चेन्नई नाही की ग्रेटर नोएडा नाही, सकाळी निघायचं संध्याकाळी घरी. ट्रॅक डे म्हणजे काय, तर आपलीच गाडी न्यायची, पैसे भरायचे, हेल्मेट घालायचं आणि पंधरा-वीस मिनिटं जीव खाऊन पळवायची. रेस नसते, नंबर कुणी काढत नाही, सगळे मनातल्या मनात काढतात. माझी दहा वर्षं जुनी हॅचबॅक, पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक, भाजी आणायची गाडी. पहिला राऊंड मस्त, दुसरा त्याहून मस्त, तिसऱ्याला वळणाच्या आधी पेडल दाबलं तर ते सरळ खाली गेलं, म्हणजे गादीवर पाय ठेवल्यासारखं, आणि गाडी आपली निघालीच आहे. धडाधड पंप केलं, गिअर खाली टाकले, कशीबशी कडेला मातीत घातली. उतरलो तर पुढच्या चाकांतून धूर, आणि वास असा की टेरिकॉटच्या पँटवर इस्त्री विसरून कुणीतरी गावाला गेलंय.

तिथल्या एका अनुभवी पोराने (वय पंचवीस असेल, पण ट्रॅकवर वय राऊंडात मोजतात) बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डब्यात डोकावून विचारलं, "दादा, हे कधी बदललंय?" मला वाटलं होतं ते बदलायचं नसतं. रंग पाहिला तर चक्क कटिंग चहाचा. मग त्याने माझी शिकवणी घेतली. म्हणे ब्रेक दोन प्रकारे जातात. पेडल दगडासारखं कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड, म्हणजे चाकाची डिस्क दाबून धरणारा तुकडा, तापून गेलं. पेडलच मऊ होऊन खाली गेलं तर ऑइल उकळलं, पाइपात वाफ झाली, आणि वाफ दाबली जाते, ऑइल जात नाही. नवं डॉट फोर प्रतीचं ऑइल २३० डिग्रीला उकळतं, पण त्याची खोड अशी की ते हवेतलं पाणी पितं, आणि चारेक टक्के पाणी प्यायलं की तेच ऑइल १५५ डिग्रीवर येतं. आता मुंबईत आषाढात मिठाला पाणी सुटतं, पापड रबर होतो, माचिस पेटत नाही, आणि माझं ऑइल चार पावसाळे बघितलेलं. त्या यादीत ब्रेक पण येतो हे आमच्या आईला सुद्धा माहीत नव्हतं.

गार झाल्यावर पेडल परत आलं, पण माझा विश्वास काही परत आला नाही. खंडाळ्याचा घाट मी दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो, डाव्या लेनने, पार्किंग लाइट चमकवत, इंजिन बिचारं बोंबलतंय. कलिंगडाच्या टेम्पोने ओव्हरटेक केलं तेव्हा त्यातला पोरगा मागे बसून माझ्याकडे बघत होता.

गॅरेजवाल्या मामांना सांगितलं. मामा मूळचे कुडाळकडचे, आमच्या गाडीचे फॅमिली डॉक्टर. म्हटलं मामा, तुम्ही ऑइल कधी बदललंच नाही? "कमी झाला की घालतंय ना मी!" विषय संपला. मग मी म्हटलं मला पॅड पण चांगले पाहिजेत, ट्रॅकवर पण चालतील आणि रोज ऑफिसला पण. मामा हसले. "मेल्या, तुका ह्या सगळा कित्याक व्हया? पॅड गरम होयसर तू हापिसात पोचतलंस."

हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं असतं तर साडेनऊ हजार वाचले असते.

पण नाही. मी रात्री जागून वाचायला सुरुवात केली. ऑरगॅनिक पॅड शांत असतात पण तापले की हात वर करतात. सिरॅमिक धूळ कमी काढतात, आवाज करत नाहीत. सेमी मेटॅलिकमध्ये लोखंड आणि स्टीलचे धागे, उष्णता सोसतात, पण डिस्क खातात, धूळ काढतात. आणि त्याच्या वर खरे रेसचे पॅड, ज्यांना थंडीत काही समजतच नाही. पॅडच्या कडेला दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात, एफएफ, जीजी असं काहीतरी, त्यातलं पहिलं साध्या तापमानाला पॅड किती पकडतं ते सांगतं आणि दुसरं तापल्यावर किती, एफ म्हणजे घर्षण गुणांक ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. दहावीत घर्षण गुणांकाला मी ऑप्शनला टाकलं होतं आणि आता त्याच्यासाठी रात्री दीड वाजता जागा. बायकोने कूस बदलून विचारलं कोणाशी चॅट करतोयस, मी स्क्रीन दाखवली, पॅडचा फोटो बघून ती जास्तच काळजीत पडली.

मग शनिवारी ऑपेरा हाऊसला गेलो. तिथे स्पेअर पार्टची दुकानं एकाला लागून एक, काउंटर तीन फुटांचा, मागे माल छतापर्यंत. म्हटलं डिस्क पॅड दाखवा, ट्रॅकचे. शेठने आत आवाज दिला, पोरगा खांद्यावर काहीतरी घेऊन आला आणि धप्पकन काउंटरवर ठेवलं, बेकरीतल्या पावाच्या लादीएवढा एक एक लायनर. "ट्रकचे हेच येतात." मी म्हटलं ट्रक नाही हो, ट्रॅक. "मग रेल्वेचं इथे नाही मिळणार." शेवटी ऑनलाइन मागवले. खोक्यावर लिहिलेलं, २०० डिग्रीपासून ६५० पर्यंत उत्तम. मी ६५० वाचलं आणि खूश झालो, २०० कडे बघितलंच नाही. बायकोने किंमत ऐकली, आणि माझा ऑफिसचा रस्ता म्हणजे जेव्हीएलआर, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड. "गाडी थांबवायला साडेनऊ हजार? जेव्हीएलआरवर ती फुकटात थांबलेली असते."

नवीन पॅड नुसते बसवून चालत नाही, त्यांचं बेडिंग करावं लागतं. म्हणजे ऐंशीच्या आसपास स्पीड घ्यायचा, जोरात ब्रेक मारून दहा-पंधरापर्यंत आणायचा, पूर्ण थांबायचं नाही, परत स्पीड, असं आठ-दहा वेळा, मग ब्रेक न लावता गार करत फिरवायची, म्हणजे पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा बसतो. मुंबईत हे कुठे करणार सांगा. रविवारी पहाटे साडेचारला ऐरोलीचा पूल ओलांडून महापे एमआयडीसीत गेलो, रिकामा सरळ रस्ता. सातव्या ब्रेकला मागून पोलिसांची जीप. हवालदार उतरले, टॉर्च.

"काय चाललंय?"

"साहेब, बेडिंग."

त्यांनी टॉर्च मागच्या सीटवर फिरवला, डिकी उघडायला लावली, तिथे जॅक आणि रिकामी बिसलेरी. "कुठाय?"

"काय?"

"बेडिंग."

मग समजावण्यात दहा मिनिटं गेली, चाकांतून धूर येतच होता, त्यांनी मशीनमध्ये फुंकायला लावलं, शून्य आलं, त्याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं. "घरी जाऊन झोपा," म्हणाले, "बेडिंगवर."

आणि सोमवार उजाडला. ढग, रिमझिम, डिस्कवर रात्रभरात गंजाचा पातळ थर. पार्किंगच्या उतारावर पाय ठेवला तर गाडी थांबायच्या ऐवजी विचारात पडली. दुप्पट जोर लावला तेव्हा थांबली, त्या किंकाळीसकट. पुढे सगळा जेव्हीएलआर, पवई तलाव, आयआयटीचं गेट, मेट्रोचे खांब, बसच्या मागे बस, मी रोज अंधेरीला जातो आणि ह्या रस्त्यावर माझा जास्तीत जास्त स्पीड ताशी अठरा. मामांचं वाक्य तिथे, गांधीनगरच्या सिग्नलला, चौथ्यांदा लाल लागल्यावर नीट ऐकू आलं.

हिशोबच करून बघितला, वेळ भरपूर होता. ब्रेक म्हणजे गाडीची सगळी धावपळ उष्णतेत बदलून टाकायची, दुसरं काही नाही. हजार किलोची गाडी ताशी १०८ ने जात असेल (१०८ अशासाठी की सेकंदाला बरोबर ३० मीटर होतात, जपमाळेचा संबंध नाही) तर तिच्यात ४५० किलोज्यूल असतात, तेवढ्यात साधारण दीड लिटर पाणी उकळतं, म्हणजे टपरीच्या मापाने विसेक कटिंग. ट्रॅकवर प्रत्येक मोठ्या वळणाला पॅड वीस कटिंग बनवतं. आता जेव्हीएलआरचे अठरा घ्या. स्पीड सहापट कमी, पण ऊर्जा स्पीडच्या वर्गात चालते, म्हणजे छत्तीसपट कमी, अर्धं कटिंग जेमतेम. ट्रॅक आणि जेव्हीएलआरचा छत्तीसचा आकडा आहे, म्हणीत नाही, कॅल्क्युलेटरवर. २०० डिग्रीवर जागं होणारं पॅड अर्ध्या कटिंगवर कसं उठेल? फॉर्म्युला वनच्या गाड्यांचे कार्बन ब्रेक हजार डिग्रीपर्यंत जातात आणि थंड असताना धड पकडत नाहीत, तेव्हा पवईला ती गाडी पण माझ्यासारखीच बसच्या बुडाशी जाऊन प्रार्थना करत थांबेल, एवढाच काय तो दिलासा.

त्यात ती धूळ. लोखंडाची, तपकिरी, चाकांवर बसते आणि पावसात तिथेच गंजते. गणपतीपर्यंत माझे अलॉय व्हील तुळशीवृंदावनाला गेरू लावतात तसे दिसायला लागले. टूथब्रशने घासले, ब्रश गेला, गेरू राहिला.

बाबांना हे सगळं बघवेना. बाबांनी बत्तीस वर्षं बेस्टची बस चालवली, आणि अजून माझ्या शेजारी बसले की त्यांचा उजवा पाय खाली पायपुसणीवर ब्रेक मारत असतो, माझ्या आधी सेकंदभर. ट्रॅक पॅड लावल्यापासून ती पायपुसणी तिथे फाटलीय. त्यांनी पॅडचा जुना तुकडा हातात घेतला, अंगठ्याच्या नखाने जाडी बघितली, वास घेतला, खाली ठेवला. म्हणाले, "पहिल्या ब्रेकवर कधी भरवसा ठेवायचा नाही. आम्ही डेपोतून निघताना गेटच्या आत मारून बघायचो. रस्त्यावर मारायचा तो दुसरा." मी म्हटलं बाबा, ते ट्रॅकचं वेगळं असतं. बाबा काही बोलले नाहीत. पाय तेवढा हलला.

माझं मत आता विचाराल तर दोन्हीला चालणारं पॅड असं काही नसतं, असं म्हणून विकतात त्यातलं अर्धं ट्रॅकवर दगा देतं आणि अर्धं सिग्नलवर. वर्षातून दोनदा ट्रॅकवर जाणाऱ्या माणसाने ताजं ऑइल भरावं, जमलं तर डॉट फाइव्ह पॉइंट वन, जे नवं असताना २६० डिग्रीपर्यंत उकळत नाही, आणि रोजसाठी कंपनीचे साधे पॅड ठेवावेत, ट्रॅकचे आदल्या दिवशी बदलावेत. मामांनी नकार दिला, "दर टायमाक माझो शनिवार खातलंस," म्हणून मीच शिकलो. जॅक लावा, चाक काढा, कॅलिपरचा, म्हणजे पॅड धरणाऱ्या चिमट्याचा बोल्ट सोडा, कॅलिपर वर फिरवा, पॅड दाबणारा पिस्टन आत ढकला. ह्यात हे कुणी सांगत नाही की पिस्टन आत ढकलला की ऑइल वर डब्यातून बाहेर येतं, आणि ब्रेक ऑइल गाडीचा रंग खातं. माझ्या मडगार्डवर आता श्रीलंकेच्या आकाराचा डाग आहे.

आणि दुसरी गोष्ट जी सांगतात पण मी विसरलो. पिस्टन आत गेलेला असतो, म्हणजे गाडी हलवायच्या आधी उभ्या उभ्या पेडल पंप करून पॅड डिस्कला टेकवावे लागतात, नाहीतर पहिला ब्रेक मोकळाच जातो. नोव्हेंबरातला शनिवार, दुसऱ्या दिवशी ट्रॅक, चारही पॅड बसवले, हात पुसले, चाक आवळलं, स्टार्ट करून ऐटीत रिव्हर्स टाकला आणि उतारावर पाय ठेवला. पेडल खाली. गाडी मागे. मी हँडब्रेक ओढेपर्यंत मागून प्लास्टिक चिरडल्याचा एक मोठा, समाधानकारक आवाज आला.

वॉचमन नशिबाने मोटर चालू करायला गेला होता. खुर्ची गेली. बाबा गॅलरीतून बघत होते, त्यांनी वरूनच विचारलं, "पहिलाच होता ना?"

नवी खुर्ची मी दिली, हातांची, पाठीला जाळीवाली. त्यानंतर दोनदा ट्रॅकला गेलो. शनिवारी मी डिकीतून जॅक काढला की वॉचमन काही बोलत नाही, उठतो, खुर्ची उचलतो, मीटरच्या खोलीत ठेवतो आणि दाराला बाहेरून कडी लावतो.