त्या गाढवाखाली सुरुंग नव्हता

जळगाव-धुळ्याकडच्या कुठल्याही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा फोटो वर्षातून एकदा तरी उगवतोच. एक सैनिक पाठुंगळीला गाढव घेऊन चाललाय. खालचा मजकूर थोडक्यात असा: फोटो दुसऱ्या महायुद्धातला आहे. सैनिकाचं गाढवावर प्रेम आहे असं समजू नका. त्या जमिनीत सुरुंग पेरलेत. गाढव मोकळं सुटलं तर कुठेही पाय टाकेल आणि सगळ्यांना घेऊन मरेल. तेव्हा संकटकाळात आधी गाढवांना आवरा. कोरोनात हा मजकूर मास्क न लावणाऱ्यांच्या नावाने फिरला, निवडणूक आली की विरोधी पक्षाच्या मतदारांच्या नावाने फिरतो. खाली हसून लोळणारे चेहरे, आणि कुणा आबांचं ठरलेलं, ‘एकदम बरोबर शे भो!’

बरोबर काहीच नाही, आबा. फोटो तेवढा खरा आहे.

आधी ते ‘दुसरं महायुद्ध’. महायुद्ध संपलं १९४५ ला आणि हा फोटो आहे १९५८ चा, अल्जेरियातला. तिथे फ्रान्सची सत्ता होती. तिच्याविरुद्ध १९५४ ला पेटलेलं स्वातंत्र्ययुद्ध १९६२ पर्यंत चाललं. फोटोतला गडी फ्रान्सच्या फॉरेन लीजनचा, म्हणजे परदेशी माणसं भरती करून उभ्या केलेल्या फौजेचा. त्यातल्या तेराव्या डेमी-ब्रिगेडचा. गोंधळाला निमित्त शोधायचंच तर एवढं सापडतं की हीच तुकडी १९४२ मध्ये लिबियाच्या वाळवंटात बीर हकीमला लढली होती, आणि तिथे सभोवती सुरुंगच सुरुंग होते. पण गाढव तिथलं नाही. ते सोळा वर्षांनी भेटलं.

आता सुरुंग. अल्जेरियात सुरुंग नव्हते असं मी म्हणत नाही. ट्युनिशियाच्या सरहद्दीवर फ्रेंचांनी १९५७ मध्ये विजेच्या तारांचं मोठं कुंपण घातलं होतं आणि त्याच्या कडेने सुरुंगही पेरले होते. प्रश्न असा की सुरुंग आहेत हे ठाऊक असताना फौज गाढव पाठीवर घेऊन त्यावरून चालेल का? सुरुंग ओझ्याने उडतो. महायुद्धातल्या जर्मन ‘एस-माइन’ला सात किलोच्या आसपास भार पुरायचा. म्हणजे ती माणसाच्या पायाखाली उडणारच, पाठीवर गाढव असो की नसो. रणगाड्यासाठी पेरलेल्या सुरुंगाला मात्र साधारण शंभर किलो किंवा त्याहून जास्त भार लागायचा. एकट्या माणसाच्या वजनाने तो सहसा उडत नाही. पण अंगावर सामान आणि वर गाढव चढवलं की त्याचीही सोय झाली! ज्याने हा मजकूर रचला त्याने सैनिकाला वाचवायच्या नादात त्याच्या पायाखालचा धोका वाढवून ठेवलाय.

शिवाय सुरुंगाच्या पट्ट्यातून जायचं तर आधी सॅपर्स, म्हणजे सुरुंग काढणारे सैनिक, वाट मोकळी करतात, कडेला पांढरी फीत लावतात, आणि बाकीचे त्या वाटेने एकामागे एक जातात. जनावर न्यायचंच असेल तर कासरा धरून नेतात. इटलीच्या डोंगरात, बर्माच्या जंगलात खेचरं अशीच दारूगोळा घेऊन गेली, आणि ओझं खेचरावर होतं, माणसावर नव्हे. फोटोतलं गाढव अंगाने लहान आहे, हेही बघा. पूर्ण वाढलेलं गाढव शंभर किलोच्या वर जातं. ते पाठीवर घेऊन चार पावलं टाकून दाखवा म्हणावं.

मग उचललं कशाला? मजकुरात जे ठासून नाकारलंय, त्याच कारणाने. गाढव उपाशी होतं, अंगात त्राण नव्हतं. लीजनच्या जवानांना ते वाटेत सापडलं, एकाने पाठीवर घेतलं आणि तळावर आणलं. तिथे त्याला खाऊपिऊ घालून जगवलं, बांबी असं नाव ठेवलं आणि पुढे ते तुकडीचं लाडकं जनावर झालं. एवढीच गोष्ट. साक्रीकडचे ठेलारी मेंढ्या घेऊन रस्त्याने चालतात तेव्हा वाटेत व्यालेल्या मेंढीचं ओलं कोकरू एकजण खांद्यावर टाकतो, दोन पाय इकडे, दोन तिकडे. त्याला थांबवून ‘इथे सुरुंग आहेत का हो?’ असं अजून कुणी विचारलेलं नाही.

म्हणून लगेच डोळे पुसायचीही गरज नाही. त्याच युद्धात फ्रेंच सैन्याने अल्जेरियन कैद्यांचा छळ केला, गावंच्या गावं उठवली. अशा वेळी पेपरात गाढवाला जपणारा जवान छापून आला तर फौजेला तो हवाच असतो. फोटो खरा असून त्याचा उपयोग वेगळा असू शकतो.

राहिलं तात्पर्य. ‘फोटो कुठला का असेना, बोध तर खरा ना?’ असं ग्रुपवरचे कुणी नाना म्हणतात. नाना, बोधही गाढवाच्या मूर्खपणावर उभा आहे, आणि तोच कच्चा आहे. गिरणेच्या पात्रातून वाळू वाहणारी गाढवं बघा. पाठीवर गोण्या, मागे हाकणारा कधी असतो, कधी नसतो. एकदा पायाखालची झालेली वाट ती आपली आपण चालतात. जमिनीचा भरवसा वाटला नाही तर गाढव थबकतं, मग कितीही ओढा. सुरुंगाचा वास त्याला येईल असं नाही, पण बेफाम उधळून दुसऱ्याला मारणारा प्राणी म्हणून त्याची निवड चुकलीच. ‘गधडाले काय समजस?’ म्हणणारा बहुतेक कधी गाढवामागे चाललेला नसतो.

हे सांगितलं की दुसरं टोक येतं: मग युद्धातले असले मजेदार फोटो सगळेच बनावट. तसंही नाही. लंडनमध्ये बॉम्बने पडलेल्या घरांच्या ढिगाऱ्यावरून शांतपणे दुधाच्या बाटल्या घेऊन जाणारा गवळी, ऑक्टोबर १९४० चा, हा मात्र जुळवलेला आहे. फ्रेड मॉर्ली या छायाचित्रकाराने गवळ्याचा कोट आणि बाटल्या मागून घेतल्या आणि आपल्या मदतनिसाला चालायला लावलं. नुसत्या पडझडीचे फोटो सेन्सॉर अडवत होतं. दूधवाला दिसला की तोच ढिगारा धीराचा फोटो होऊन छापता येत होता. ज्यावर कुणी विश्वास ठेवत नाही तो पोलिश सैन्यातला अस्वल मात्र शंभर टक्के खरा: व्होयटेक, १९४२ मध्ये इराणात पिल्लू असताना मिळालेला. इटलीत नेता यावा म्हणून त्याला कागदोपत्री सैनिक केलं होतं. १९६३ मध्ये एडिंबरोच्या प्राणिसंग्रहालयात तो मेला.

तेव्हा आबा, नाना, फोटो खुशाल पाठवा. खाली फक्त एवढं लिहा: ‘अल्जेरिया, १९५८. फॉरेन लीजनचा सैनिक आणि उपाशी सापडलेलं गाढव. नाव बांबी.’ विरोधी पक्षाला जे म्हणायचंय ते वेगळ्या मेसेजमध्ये, स्वतःच्या नावाने म्हणा.