सातव्या वर्षापर्यंत आवड ओळखा, नाहीतर मूल वाया?

शाळा सुरू झाल्या की पालकांच्या ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरतो. यंदा आमच्या डिचोलीच्या ग्रुपवरही आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सातव्या वर्षापर्यंत मुलाची आवड ओळखा, नंतर मेंदू ‘पक्का’ होतो, आवड कळली की क्लास लावा आणि घरच्यांनी लुडबूड करू नका, दहा हजार तास भरेपर्यंत सोडू देऊ नका, दरवर्षी सर्टिफिकेट हवंच, आणि गोव्यात काही मिळत नाही, म्हणून ऑनलाइन शिकवा. खाली अर्थातच एक लिंक.

सात वर्षांचं आधी पाहू. काही गोष्टींना वय असतं, हे खरं. भाषेचे उच्चार लहानपणी चटकन बसतात. आधाराचा सूर न देता नुसता ऐकून सूर ओळखणारे बहुतेक जण फार लहान वयात संगीताला लागलेले असतात. पण त्यावरून सातव्या वर्षी मेंदूचं दार बंद होतं, हे कुठून आलं? मेंदूतल्या जोडण्यांची छाटणी किशोरवयातही चालू असते आणि कपाळामागचा भाग तर पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो. चौथीतल्या पोराला आज कशातच रस नसेल, तर त्याला आज रस नाही, एवढंच.

दहा हजार तासांचा आकडा निघाला तो अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांच्या १९९३ सालच्या अभ्यासातून. बर्लिनमधले व्हायोलिनचे विद्यार्थी, त्यातला सर्वांत सरस गट, आणि त्यांचा विसाव्या वर्षापर्यंतचा सरासरी सराव. सरासरी म्हटली की काहींचा सराव त्याहून कमी, हे आलंच. या आकड्याचा पुढे जो नियम करून टाकला गेला, त्याला खुद्द एरिक्सननीच हरकत घेतली होती. शिवाय ती मुलं वादक व्हायचं ठरवून आलेली होती. तबला सोडून फुटबॉलच्या मागे लागलेल्या आठ वर्षांच्या मुलाला हा हिशेब लावायचा? फी भरलीय तेवढे महिने पुरे कर, मग सोड, असं सांगावं. तबल्याच्या पहिल्याच अवघड कायद्याला, म्हणजे बोलांच्या ठरावीक रचनेला, घाबरून पळत असेल तर तेवढ्यानं कळतं.

खरा राग येतो तो ‘घरच्यांनी दूर राहा’ यावर. माझी भाची पाचवीत. गणेश चवथीच्या आधी तिला माझ्या आईबरोबर, म्हणजे तिच्या आजीबरोबर, माटोळीच्या बाजाराला नेलं. माटोळी म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं बांधून टांगलेली चौकट. मला वनस्पतीशास्त्रातलं ओ की ठो कळत नाही. पण आई प्रत्येक ढिगाशी थांबून नाव सांगत होती: आंबाडे, तोरिंग, घागऱ्या, सुपारीचं शिपटं. कवंडळ नावाचं रानफळ पाहून पोरगी हरखली. हे माटोळीला बांधायचं, तोंडात घालायचं नाही, म्हणाल्यावर तिचा प्रश्न तयार: मग देवाला का? आईलाही नीट उत्तर देता येईना. घरी येऊन तिनं वहीत एकेक फळ काढलं, शेजारी नाव लिहिलं, आणि पुढे कुळागरात (सुपारीच्या बागेत), रस्त्याकडेला ती झाडं शोधायचा नादच लागला. आमचं काम एवढंच की तिच्या चालीनं चालायचं आणि ‘चल लवकर’ म्हणायचं नाही. यात क्लास कुठे आला? घुमट या मातीच्या, कातडं ताणलेल्या वाद्याचंही तेच. २०१९ साली ते राज्याचं वारसा वाद्य झालं, पण पोरं ते वाजवायला शिकतात ती आरतीला मोठ्यांच्या मांडीला मांडी लावून बसूनच. पूर्वी त्यावर घोरपडीचं कातडं असायचं, वन्यजीव कायद्यानं त्याला बंदी आहे, आता बकऱ्याचं लावतात. हे ज्याला कळलं त्याला वाद्याबरोबर कायदाही कळला.

क्लास नकोच असं नाही. गळ्यावर घ्यायच्या गाण्याला गुरू लागतोच.

गोव्यात काही नाही म्हणणाऱ्यांनी पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात मुलाला एकदा न्यावं. संस्था १८३२ सालची आहे आणि मुलांचा विभाग वेगळा. मिरामारचं विज्ञान केंद्र आहे, चोडणचं सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. सत्तरी-काणकोणातून पणजी लांब पडते, हे मान्य. पण गावच्या जत्रेतलं नाटक आणि देवळातलं भजन दाराशी आहे.

राहिलं सर्टिफिकेट. १९७३ साली मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग छापला. बालवाडीतल्या, मुळातच चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांपैकी काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. पुढे मोकळ्या वेळेत हीच मुलं इतरांपेक्षा कमी चित्रं काढू लागली. ज्यांना न सांगता अचानक प्रशस्तिपत्र दिलं, त्यांचं तसं झालं नाही. गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परीक्षांना म्हणून कुणी नावं ठेवू नयेत. मोठ्या मुलांना त्यातून शिस्तही लागते. फक्त फॉर्म भरण्याआधी मुलाला विचारा, आणि ‘यंदा नको’ म्हणालं तर पेटी मात्र उघडीच राहू द्या.