अमेरिका ‘साधा मेसेज’ का पाठवते? फिरणाऱ्या मजकुराला उत्तर

बऱ्याच ग्रुपांवर एक मजकूर फिरतो आहे. त्याचा आशय असा: अमेरिकेतले लोक व्हॉट्सअ‍ॅप टाळून साधा मेसेज, म्हणजे एसएमएस, पाठवतात, कारण त्यांना प्रायव्हसीची किंमत कळते, आपण मात्र फुकटाच्या मागे लागून आपली माहिती देऊन बसलो. यात आपल्या लोकांचा विनाकारण अपमान आहे, म्हणून त्यातल्या एकेका दाव्याला हे उत्तर.

‘अमेरिकनांनी प्रायव्हसीसाठी एसएमएस निवडला.’ नाही. स्मार्टफोन घरोघरी पोचले तोवर तिथल्या मोबाइल प्लॅनमध्ये अमर्याद मेसेज मिळू लागले होते. २०११ च्या ऑक्टोबरात आयफोनवर आयमेसेज, म्हणजे अ‍ॅपलची इंटरनेटवरून मेसेज पाठवण्याची सोय आली, तीही मेसेजच्याच अ‍ॅपमध्ये. वेगळे काही उतरवून घ्यायची गरजच उरली नाही.

त्याच वर्षी आपल्याकडे काय चालले होते? नको असलेल्या जाहिराती रोखायच्या म्हणून ‘ट्राय’ या दूरसंचार नियामकाने सप्टेंबर २०११ मध्ये एका सिमवरून दिवसाला १०० एसएमएसची मर्यादा घातली, नोव्हेंबरात ती २०० केली. ऑगस्ट २०१२ मध्ये ईशान्येकडच्या लोकांविषयी अफवा पसरल्यावर सरकारने ही मर्यादा काही दिवस ५ वर आणली, मग २० वर. शिवाय दिवाळी आणि नववर्षाला ‘ब्लॅकआउट डे’ असत. पॅक मारलेला असूनही त्या दिवशी प्रत्येक एसएमएसला पूर्ण दर! शुभेच्छा पाठवायच्या नेमक्या दिवशी पैसे कापले जात असतील, तर माणूस दुसरी वाट शोधणारच.

मराठीत लिहिणाऱ्याला तर दुहेरी फटका होता. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात, देवनागरीत ७०, आणि त्यात काना, मात्रा, वेलांटीही वेगळी मोजली जाते. ‘दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा’ एवढ्यातच २८ संपतात. आपली भाषा आपल्या लिपीत मोकळेपणाने लिहिता यावी, ही अपेक्षा फुकटेपणाची नाही.

‘प्रगत देशांत अ‍ॅप चालत नाहीत.’ स्पेन आणि जर्मनीत व्हॉट्सअ‍ॅप घराघरांत आहे. जपानमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांच्या ग्राहकांना एकमेकांना एसएमएस पाठवता येऊ लागले ते थेट जुलै २०११ मध्ये; त्याआधी लोक मोबाइलवरच्या ई-मेलवर भागवत. त्याच वर्षी मार्चच्या भूकंपानंतर जूनमध्ये ‘लाइन’ हे मेसेजिंग अ‍ॅप आले आणि रुजले. दक्षिण कोरियात तसेच ‘काकाओटॉक’ २०१० पासून आहे. आणि खुद्द अमेरिकेत व्हॉट्सअ‍ॅपचे मासिक वापरकर्ते १० कोटींवर गेल्याचे त्याची मालक कंपनी मेटाने २०२४ मध्ये जाहीर केले.

‘एसएमएस जास्त सुरक्षित.’ हा भाग सर्वांत घातक, कारण कुणी तो खरा मानून वागेल. एसएमएस एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणालाच वाचता येणार नाही असा, नसतो. मोबाइल कंपनीला तो वाचता येतो. चिनी हॅकर अमेरिकी टेलिकॉम कंपन्यांच्या यंत्रणेत शिरल्याचे उघड झाल्यावर २०२४ च्या अखेरीस तिथल्याच सरकारी यंत्रणांनी एन्क्रिप्टेड अ‍ॅप वापरण्याचा सल्ला दिला. व्हॉट्सअ‍ॅपवर असे एन्क्रिप्शन एप्रिल २०१६ पासून सर्वांना आहे.

व्हॉट्सअ‍ॅपबद्दल काळजी करायला जागा नक्कीच आहे. मजकूर नाही, तरी तुम्ही कुणाशी, कधी बोलता ही माहिती कंपनीकडे जाते. आणि चॅटचा क्लाउडवरचा बॅकअप आपोआप एंड-टू-एंड एन्क्रिप्ट होत नाही. ती सोय २०२१ पासून आहे, पण ‘चॅट बॅकअप’च्या सेटिंगमध्ये जाऊन आपणच चालू करावी लागते.