वेंडी रेनारचं मोठेपण उंचीत नाही

फ्रान्सच्या महिला फुटबॉल टीमची बचावपटू वेंडी रेनार हिचा विषय निघाला की लोक आधी तिची उंची सांगतात. १.८७ मीटर, कॉर्नरवर हेडर, झालं! मला हे अजिबात पटत नाही. उंच खेळाडू पुष्कळ आहेत. बॉल कुठे पडणार हे ओळखून तिथे आधीच जाऊन उभं राहणं किती जणींना जमतं? २०२३ च्या वर्ल्ड कपमधली ब्रिस्बेनची मॅच बघा. ब्राझीलशी १-१ बरोबरी, ८३ वं मिनिट, सेल्मा बाशाचा कॉर्नर. ब्राझीलच्या बचावाचं लक्ष बॉलवर, आणि फ्रान्सची कॅप्टन रेनार लांबच्या पोस्टपाशी मोकळी! हेडर, गोल, मॅच खिशात.

मार्टिनिक बेटावरची ही मुलगी. क्लेअरफोंतेनच्या राष्ट्रीय अकादमीने नाकारली, ल्यों क्लबने घेतली, आणि त्या क्लबसाठी तिने युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, चॅम्पियन्स लीग, आठ वेळा जिंकली.

पण मला ती जास्त भावते ती पडत्या काळात. २०१९ च्या घरच्या वर्ल्ड कपमध्ये नॉर्वेविरुद्ध तिने आपल्याच जाळ्यात बॉल मारला. पुढच्याच मॅचला, नायजेरियाविरुद्ध, पेनल्टी घ्यायला तीच पुढे झाली. पहिली पोस्टला लागली. गोलकीपरने लाइन आधीच सोडल्यामुळे पुन्हा संधी मिळाली, तीही तिनेच घेतली आणि गोल केला. हे काळीज उंचीतून येत नाही.

आणि फेब्रुवारी २०२३! वर्ल्ड कप पाच महिन्यांवर असताना तिने जाहीर केलं की राष्ट्रीय टीमच्या या व्यवस्थेला आपण आता साथ देऊ शकत नाही, मानसिक आरोग्य जपायचंय, म्हणून वर्ल्ड कप खेळणार नाही. पाठोपाठ टीममधल्या दियानी आणि कातोतोनेही माघार घेतली. ज्या प्रशिक्षक कोरीन दियाक्र यांनी २०१७ मध्ये तिची कॅप्टनशिप काढून घेतली होती, त्यांना फ्रान्सच्या फुटबॉल फेडरेशनने मार्चमध्ये पदावरून दूर केलं, आणि रेनार टीममध्ये परतली. तिने माघार घेतली तेव्हा तिला स्वार्थी म्हणणं सोपं होतं. माझ्या मते मात्र तिच्या कारकिर्दीतला सगळ्यात मोठा बचाव हाच. स्वतःचा वर्ल्ड कप पणाला लावून तिने अख्ख्या टीमला मोकळा श्वास घेऊ दिला.

म्हणूनच २०२५ च्या युरोतून, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेतून, तिला वगळलं ते मला खटकलं, आजही खटकतं. वय झालं, नवी पिढी, सगळं मान्य. पण क्वार्टर फायनलला जर्मनी तेराव्या मिनिटापासून दहा जणींनिशी खेळत होती, तरी फ्रान्सला दुसरा गोल सापडला नाही आणि शेवटी पेनल्टींवर हार पत्करावी लागली. शेवटच्या वीस मिनिटांसाठी तरी बेंचवर रेनार हवीच होती.