शेवट माहीत असूनही वाचायची गोष्ट

रोमान्स वाचते म्हटलं की समोरच्याचं वाक्य ठरलेलं, अगं पण शेवटी ते दोघं एकत्र येणारच ना, मग वाचायचं काय त्यात? आणि हीच मंडळी शेवटी खुनी सापडणार हे माहीत असताना एकामागून एक रहस्यकथा संपवतात, तिथे काही प्रॉब्लेम नसतो!

मला तर वाटतं शेवट ठरलेला असतो म्हणूनच लिहिणाऱ्याचा कस लागतो. पुढे काय होणार या उत्सुकतेवर भागत नाही, सगळी मजा त्या दोघांच्या बोलण्यातून, भांडणातून, एकमेकांना टाळण्यातून काढावी लागते. अमेरिकन लेखिका एमिली हेन्रीची 'बीच रीड' (२०२०) ही कादंबरी घ्या. नायिका जानेवारी (हो, नावच आहे तिचं) रोमान्स लिहिणारी, नायक गस गंभीर साहित्य लिहिणारा, कॉलेजपासून एकमेकांवर खार खाऊन, आणि आता अमेरिकेतल्या मिशिगन लेकच्या काठावर योगायोगाने शेजारी. (हो, बीच आहे पण समुद्र नाही, तळं आहे. नकाशात बघा केवढं आहे ते.) दोघांचंही लिखाण अडकलेलं, मग पैज लागते की तिने त्याच्यासारखं गंभीर लिहायचं आणि त्याने सुखान्त प्रेमकथा.

म्हणजे बघा, हलकंफुलकं लिहिणं सोपं असतं का हाच वाद घेऊन हेन्रीने त्याचीच प्रेमकथा केलीय. गस जानेवारीला एका कल्टमधून, म्हणजे माणसांना जखडून ठेवणाऱ्या पंथातून, वाचलेल्या लोकांच्या मुलाखतींना नेतो, ती त्याला ड्राइव्ह-इन थिएटरला वगैरे. आणि घरी असले की आपापल्या खिडकीतून कागदावर मोठ्या अक्षरात लिहून एकमेकांना टोमणे मारतात, मी तर त्या चिठ्ठ्या आल्या की मागचं पान परत वाचायचे, हसू आवरत नाही.

आणि हलकं म्हणजे दुःखच नाही असं कुठाय. जानेवारीचे वडील गेलेत, आणि त्यांच्या अंत्यविधीला एक अनोळखी बाई येऊन तिच्या हातात त्या तळ्याकाठच्या घराची किल्ली ठेवते, तेव्हा तिला कळतं की बाबांचं अफेअर होतं. आईवडिलांच्या प्रेमावर विश्वास ठेवून लिहिणारी मुलगी आता सुखान्त कशाच्या जोरावर लिहिणार? एवढा जड प्रश्न आहे, पण सांगणारी जानेवारीच आहे आणि ती रडता रडता स्वतःची टर उडवते, त्यामुळे वाचताना छातीवर दगड येत नाही.

आपल्याकडे कलेसाठी कला की जीवनासाठी कला असा ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर या कादंबरीकारांचा वाद झाला, त्यात कलेसाठी कला म्हणणाऱ्या फडक्यांवर नुसतं रंजन करणारे असा शिक्का बसला आणि मला वाटतं हसऱ्या प्रेमकथेवरून तो अजून पुसला गेला नाहीये. रंजन करणं म्हणजे काय कमी कष्टाचं काम आहे का?

सगळंच आवडलं असं नाही हां. कल्टचा भाग मला ओढलेला वाटला, आणि गसचं ते सारखं गूढ उदास असणं, अरे बाबा बोल की एकदा काय ते! दोन गैरसमज तर पाच मिनिटं नीट बोलले असते तरी मिटले असते.

आता मला असंच मराठीत हवंय, आजचं, तिशीतल्या नोकरी-ईएमआयवाल्या माणसांचं, ज्यात दोघंही हुशार आहेत आणि कुणीही शेवटच्या प्रकरणात मरत नाही. माहीत असेल तर सांगा, उसनं दिलंत तर वेळेवर परत करीन.