पुस्तक 'स्वच्छ' करून दिलंय म्हणे

दोन दिवस झाले, माझं डोकं ठिकाणावर नाही. मैत्रिणीने वाचायला नेलेलं पुस्तक परत केलं. वेळेवर केलं, वर कव्हर घालून केलं, आणि शाबासकीच्या अपेक्षेने म्हणाली, "अगं, आत कोणीतरी पेन्सिलीने केवढं गिचमिड करून ठेवलं होतं! बसून सगळं खोडलं. बघ, कसं नव्यासारखं झालंय."

कोणीतरी! ते कोणीतरी म्हणजे माझी आई होती. तीन वर्षं झाली तिला जाऊन.

बरं, नसेल माहीत. पण मग विचार ना बाई! एक फोन करायला काय जात होतं? दुसऱ्याच्या घरी पाहुणे म्हणून गेलो की आपण त्यांच्या भिंती घासत बसतो का? पानापानाच्या शिवणीत अजून खोडरबराचा चुरा अडकलाय. म्हणजे किती मन लावून केलं असेल हे काम!

आणि पुस्तक कुठलं, तर 'द गिव्हर'. हसावं की रडावं? लोइस लोरीची 1993 ची कादंबरी. तिच्यातल्या समाजाने दुःख नको, कटकट नको म्हणून आठवणीच काढून टाकल्यात. सगळ्यांच्या वाटच्या आठवणी सांभाळायला एक म्हातारा ठेवलाय, आणि त्याच्यानंतर ते ओझं बारा वर्षांच्या जोनासने उचलायचं. लोरीच्या वडिलांची स्मृती जायला लागली होती, त्यातून तिला हे सुचत गेलं. वारलेल्या थोरल्या मुलीचा फोटो समोर होता आणि तिचं काय झालं ते त्यांना आठवेना. माझी मैत्रीण हे पुस्तक लेकीसाठी घेऊन गेली, मग स्वतःही वाचलं, "छान आहे गं" म्हणाली. आणि वाचून झाल्यावर खोडरबर शोधायला उठली!

आईने माझी ही वाढत्या वयातल्या मुलांसाठीची पुस्तकं वाचायला घेतली ती माझ्यावर पाळत ठेवायला. रात्री दोन-दोनपर्यंत ही काय वाचत असते, बघू. मग तीच अडकली. हातात पेन्सिल असल्याशिवाय तिला वाचता यायचं नाही. जोनास सफरचंद झेलतो आणि ते क्षणभर बदलतं. काय बदललं ते लोरी लगेच सांगत नाही. त्या ओळीशेजारी आईचं अक्षर होतं: "रंग?" मला ते कितीतरी पानं पुढे जाऊन कळलं होतं. आईने नंतर आठवडाभर माझ्यासमोर मिरवलं. आता तिथे पांढरं पान आहे. स्वच्छ.

एक खूण मात्र मैत्रिणीच्या खोडरबराला पुरून उरली. जोनासचा बाप जुळ्यांतल्या एका बाळाला 'रिलीज' करतो, म्हणजे खरं तर मारून टाकतो, ते कळतं त्या पानावर आईने काहीच लिहिलं नव्हतं. नुसती एक रेघ ओढली होती, पण इतकी दाबून, की पान उलटलं तर मागून बोटाला लागते. मी दोन दिवस तिथेच बोट फिरवतेय.

मी चिडले तेव्हा ही काय म्हणाली? "अगं, पोरांचं पुस्तक ते! एवढं काय? नवी प्रत घेऊन देते."

पोरांचं पुस्तक. हे तर मी वर्षानुवर्षं ऐकतेय. 'हंगर गेम्स'मध्ये चोवीस मुलांना एकमेकांना मारायला सोडतात आणि बाकीचे ते टीव्हीवर बघतात. सुझान कॉलिन्सला ही कादंबरी सुचली चॅनेल बदलता बदलता, एकीकडे रिअ‍ॅलिटी शो आणि दुसरीकडे इराक युद्धाची दृश्यं बघताना. हे पोरांचं? मग मोठ्यांनी काय वाचायचं, विम्याची कागदपत्रं? त्या पुस्तकावरून माझं आणि आईचं कडाक्याचं भांडण झालं होतं. खाणीतल्या स्फोटात नवरा गेल्यावर नायिकेची, कॅटनिसची आई गप्प बसून राहते आणि अकरा वर्षांची पोर घर चालवते. मी कॅटनिसच्या बाजूने. आई म्हणायची, "त्या बाईला थोडं बसू दे की. उठेल." आई गेल्यावर पहिले काही महिने मीही तशीच बसून होते, तेव्हा कुठे मला तिचं म्हणणं पटलं. पण पटलं हे सांगायचं कोणाला?

नवी प्रत घेऊन देते म्हणे. दे. आणि "रंग?" कोणाकडून लिहून आणशील?

आज सकाळी तिचा मेसेज आला, वर हसरा चेहरा लावून: "लेकीला फारच आवडलं, पुढचे भाग आहेत ना तुझ्याकडे?" आहेत. चौथा आणि शेवटचा 2012 चा, 'सन' (Son), म्हणजे मुलगा. आपलं बाळ शोधत निघालेल्या आईची गोष्ट. आईच्या पेन्सिलीच्या खुणा त्यात निम्म्यापर्यंतच आहेत.

तो मी कपाटात वरच्या फळीवर, मागच्या रांगेत टाकलाय. मेसेजला उत्तर दिलेलं नाही. देणारही नाही.