भाकरी खाऊच अण्णा, पण गोळ्या तेवढ्या राहू द्या

हुरड्याचे दिवस आले की आमच्या भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. यंदा तो अण्णांनी टाकला. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: आपल्या आजा-पणजाला शुगर नव्हती, कारण ते ज्वारीची भाकरी खायचे. गव्हानं घात केला. तेव्हा पोळी बंद, भाकरी सुरू; साखरेऐवजी गूळ, साध्या मिठाऐवजी सैंधव, पाकिटातल्या तेलाऐवजी लाकडी घाण्याचं तेल. तीन महिन्यांत शुगर पळते आणि गोळ्या केरात जातात. शेवटी जाता जाता एक टोला, की हल्लीच्या सुनांना भाकरी थापता येत नाही म्हणून घराघरात शुगर शिरली. खाली हात जोडलेले आणि दहा जणांना पाठवायची विनंती.

अण्णा वडीलधारे, म्हणून ग्रुपवर सगळ्यांनी माना डोलावल्या. मी परभणीचा माणूस, ज्वारीला नावं ठेवायची माझी टाप नाही. ‘परभणी मोती’ हे वाण आमच्याच कृषी विद्यापीठाचं. पण शुगर माझ्याही अंगात आहे, रिपोर्ट हातात आल्यापासून मी स्वतः ओट्यापाशी उभा राहतो, आणि ह्या मेसेजमधलं एकेक वाक्य माझ्या ताटाशी ताडून बघण्याची मला खोड लागलीय.

आजोबांना शुगर नव्हती, हे कळलं कसं? तपासली कोणी? खेड्यात रक्त तपासायची सोय नव्हती, घरी मशीन नव्हतं. म्हातारा माणूस वाळत गेला, पायाची जखम चिघळली, दृष्टी गेली, तर ‘वय झालं’ म्हणून विषय संपायचा. आजार नवा म्हणावा तर चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत मधुमेहाचं वर्णन आहे, तेव्हा काय पाकिटातलं तेल होतं? शिवाय 1970-75 च्या सुमारास आपल्या देशात सरासरी आयुर्मान 50 वर्षांच्या आसपास होतं. त्यात बालमृत्यू धरलेले आहेत, हे मान्य. तरी हा आजार ज्या वयात जास्त उघडा पडतो, त्या वयापर्यंत पोचणारी माणसंच आजच्यापेक्षा कमी होती.

आणि ते भाकरी खायचे म्हणजे किती खायचे? पोटभर मिळायची का रोज? 1972 च्या दुष्काळात ह्याच मराठवाड्यानं रेशनवरची लाल मिलो (परदेशातून आलेली ज्वारी) खाल्ली, खडी फोडली आणि कामावर मिळणाऱ्या सुकडीवर लेकरं जगवली. आजोबा बारीक होते ते राबून आणि अर्धपोटी राहून. त्यांच्या कमरेच्या घेराचं श्रेय एकट्या ज्वारीला देणं म्हणजे त्यांची उपासमार झाकणं आहे. ह्या मेसेजमधलं मला सगळ्यात जास्त लागतं ते हे.

गव्हानं घात केला, हा पुढचा मुद्दा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं (आयसीएमआर) देशभराचं मोठं सर्वेक्षण 2023 साली प्रसिद्ध झालं. त्यात देशात 10 कोटींवर मधुमेही निघाले. राज्यवार आकडे बघा: सर्वांत वर गोवा, 26.4 टक्के, त्याच्या मागोमाग पुदुच्चेरी आणि केरळ. सगळा भात खाणारा मुलूख. सर्वांत खाली उत्तर प्रदेश, 4.8 टक्के, जिथं बहुतेक घरांत रोज गव्हाची रोटी. ह्यावरून गहू औषध ठरत नाही. शहरीकरण, वय, वजन, बैठं काम, सगळं त्यात मिसळलेलं आहे. पण ‘गहू खाल्ला की शुगर’ एवढं सरळ गणित असतं, तर यादी उलटी लागली असती.

आता डबे उघडून बघू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यांत 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 334 कॅलरी, 68 ग्रॅम कर्बोदकं आणि 10 ग्रॅम तंतू. गव्हाच्या आट्यात सुमारे 320 कॅलरी, 64 ग्रॅम कर्बोदकं, 11 ग्रॅम तंतू. आहे काही जमीन-अस्मानाचा फरक? ग्लूटेनचा, म्हणजे गव्हातल्या चिकट प्रथिनाचा, खरा त्रास असलेल्या माणसाला ज्वारी वरदान आहे, मैद्याच्या पावापुढं तर ती कधीही उजवी. चाळणीत कोंडा न घालवलेल्या आट्याच्या पोळीपुढं मात्र तिचा तोरा फार चालत नाही.

खरी मेख आकारात आहे. आमच्याकडची भाकरी म्हणजे पुण्या-मुंबईच्या हॉटेलात टोपलीतून येते ती नाजूक चकती नव्हे. आईच्या हातची एक भाकरी पूर्ण तवा व्यापते. ती मुठीनं पीठ घेते, ते मी वजनकाट्यावर ठेवून बघितलं: 80 ग्रॅमच्या पुढं. घडीची एक पोळी साधारण 30 ग्रॅम पिठाची. म्हणजे एका भाकरीत 54 ग्रॅम कर्बोदकं आणि एका पोळीत 19. मेसेज वाचून ज्यानं ‘दोन पोळ्यांच्या जागी दोन भाकरी’ केलं, त्यानं कर्बोदकं जवळपास तिप्पट केली आणि वर समाधान मानलं की पथ्य सुरू झालं. त्याच्या जेवणानंतर दोन तासांनी बोट टोचून बघा म्हणजे कळेल. डॉक्टर सहसा सांगतात की जेवणानंतरचा आकडा 180 च्या आत ठेवा. मला तो ठेवता येतो अर्ध्या-पाऊण भाकरीवर, सोबत वाटीभर मोडाची मटकी किंवा हुलगे, अंबाडी नाहीतर करडईची भाजी, आणि जेवून उठल्यावर गल्लीतून दोन फेऱ्या. तीच अख्खी भाकरी नुसत्या ठेच्याशी हाणली की मशीन चुगली करतं.

ताटाच्या कडेला काय आहे, हे तर मेसेज विचारतच नाही. भाकरीत तेल नसतं, ही तिची मोठी जमेची बाजू. पण आपण ती कोरडी खातो कुठं? शेंगदाण्याची चटणी, तिच्यात खळगा करून तेल, येसर आमटीवर बोटभर तर्री. शेंगदाण्यात मुळातच 40-45 टक्के तेल, त्यावर आपण पळी उलटी करतो. घाण्याचं करडईचं तेल मलाही आवडतं, त्याचा वास पाकिटाला येत नाही. मात्र लाकडी घाणा असो की कारखाना, 1 ग्रॅम तेलाच्या 9 कॅलरी चुकत नाहीत. गुळाचंही तेच. बहुतांश साखरच ती, मळीचा रंग आणि थोडं लोह सोबत. येळवशीला (वेळ अमावस्येला) शेतात गुळाची खीर खावी, भज्जी-आंबील खावी, सणाला कोण अडवतंय? पण रोजच्या चहात गूळ घालून ‘मी साखर सोडली’ म्हणणारे पाहुणे आले की मी गप्प बसतो. सैंधवही सोडियम क्लोराइडच, आणि आयोडीन मिसळलेलं नसेल तर तेवढं आपण घालवतो. पुढं जाऊ.

गोळ्या बंद करण्याचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ह्यात एक धागा खरा आहे, तो आधी सांगतो: टाइप 2 मधुमेह काही जणांचा गोळ्यांशिवाय आटोक्यात राहू शकतो. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ नावाच्या चाचणीत, मधुमेह सहा वर्षांच्या आतला आणि इन्सुलिन नसलेला, अशी माणसं घेतली होती. तीन ते पाच महिने त्यांना दिवसाला साधारण 825 ते 853 कॅलरींवर ठेवलं. वर्षअखेर 46 टक्के लोकांची शुगर गोळीविना आटोक्यात होती. ज्यांचं वजन 15 किलो किंवा त्याहून जास्त उतरलं, त्यांच्यात हे प्रमाण 86 टक्के. त्यात भाकरीचा संबंध नव्हता. काम केलं वजनानं, आणि गोळ्या थांबवल्या त्या डॉक्टरी देखरेखीखाली.

मेसेज ह्यातलं वजन गाळतो, डॉक्टर गाळतो आणि ‘गोळ्या बंद’ एवढं ठेवतो. शुगर वाढली तरी कित्येकदा दुखत-खुपत काही नाही, म्हणून माणसाला वाटतं की जमलं. तोवर डोळ्याचा पडदा आणि मूत्रपिंड आपापलं नुकसान सोसत असतात. उलटा धोकाही आहे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना कोणी एकदम जेवण तोडलं, तर शुगर 70 च्या खाली घसरते: दरदरून घाम, हाताला कापरं, डोळ्यांपुढं अंधारी. म्हणजे खाणं बदलणार असाल तर आधी डॉक्टरांना सांगा, डोस कमी करायचा की नाही ते ते ठरवतील. एचबीए1सी ही रक्ताची तपासणी शुगरची साधारण गेल्या तीन महिन्यांची सरासरी सांगते, तेव्हा तीन महिन्यांची मुदत तपासणीसाठी ठीक आहे. टाइप 1 वाल्यांनी, म्हणजे ज्यांच्या अंगात इन्सुलिन जवळपास तयारच होत नाही त्यांनी, तर हा मेसेज उघडूही नये, त्यांचं इन्सुलिन सुटलं तर काही दिवसांत जिवावर बेततं.

माझं स्वतःचं ध्येय गोळी सोडण्याचं नाहीच. वजन उतरवायचं आणि दौलताबादचा किल्ला मधे न बसता बारादरीपर्यंत चढायचा. गोळी सुटली तर बोनस.

आणखी एक गोष्ट अण्णांच्या लक्षात यायला हवी होती, कारण त्यांच्याच रानात आता सोयाबीन असतं. ज्वारी काढायला, कणसं खुडायला माणसं मिळत नाहीत, मिळाली तर मजुरी परवडत नाही. कडब्यासाठी जनावर असणारा तेवढा पेरतो. रेशनवर मुख्यतः गहू-तांदूळ येतो, चांगली ज्वारी विकत घ्यायची तर गव्हापेक्षा महाग पडते. ज्या घरात महिन्याचा किराणा उधारीवर येतो, त्याला ‘पोळी म्हणजे विष’ असं सांगणं मला पटत नाही.

राहिला सुनांवरचा टोला. शुगर असलेल्या पुरुषाची भाकरी बाईनं थापावी, तीही गरम गरम, एकेक करून, सगळे जेवेपर्यंत चुलीपुढं बसून. आणि तिला जमलं नाही तर आजाराचा दोष तिच्याच माथी. हे कुठल्या शास्त्रात बसतं? अण्णांनी आयुष्यात एक भाकरी थापली असेल तर माझं हे सगळं म्हणणं मी मागं घेतलं समजा.

शिकायला अवघड आहे, पण अशक्य नाही. ज्वारीत ग्लूटेन नाही म्हणून कणकेसारखी ओढ पिठाला नसते. त्याला आधणाचं पाणी लागतं; त्यानं पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो आणि तोच भाकरीला धरून ठेवतो. वाफ जिरली की तळहाताच्या टाचेनं रगडायचं, कड चिरणार नाही इतकं. परातीत पीठ भुरभुरून थापायचं, बोटं कडेकडेनं, जोर न देता, भाकरी आपोआप फिरते. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर आणि त्यावर लगेच पाण्याचा हात. ते पाणी पुरतं वाळायच्या आत उलटायची, नाहीतर वर भेगा पडतात आणि पापुद्रा सुटत नाही. माझी अजून कधी कधी महाराष्ट्राच्या नकाशासारखी होते, खाता येते.

ग्रुपवर मी एवढंच लिहिलं: अण्णा, रविवारी सकाळी घरी या, परात आणि तवा माझा, पीठ तुम्ही आणा. ताजं दळून आणा, विरी (चिकटपणा) गेलेलं चालणार नाही. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या माझ्याकडं आहेत.